ताकद आधी की अडचण आधी? एका आईच्या प्रश्नाचं उत्तर

एका आईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान चौथ्या वर्षी झालेलं. कुठलीही तारीख सांगा, तो वार सांगतो. लिफ्टविषयी तासभर बोलेल. पण रोज सकाळी बूट घालताना रडारड होते, वर्गात साधारण अर्ध्या तासाने तो कान झाकून बाकाखाली जाऊन बसतो, आणि ‘आज शाळेत काय केलंस?’ असं विचारलं की कार्टूनमधलं एखादं वाक्य म्हणून दाखवतो. एका तज्ज्ञांनी सांगितलं, ‘मुलगा हुशार आहे, त्याच्या बुद्धीला खाद्य द्या.’ दुसऱ्यांनी सांगितलं, ‘आधी वागणं सुधारा, लिफ्टचा विषय पूर्ण बंद करा.’ आई विचारतात, आधी कशावर काम करू? आणि पाच वर्षांच्या धाकट्या बहिणीला काय सांगू?

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत यासाठी मदत करणारी. गेली बरीच वर्षं ऑटिस्टिक मुलांबरोबर काम करते आहे. त्यातली काही आता नोकरी करतात, काहींना आजही अंघोळीला मदत लागते. तुम्हाला मिळालेले दोन सल्ले एकमेकांच्या उलट वाटत असले तरी दोघांनी धरलेलं गृहीत एकच आहे: ताकद वेगळी, अडचण वेगळी. रिपोर्टमध्ये तसे दोन रकाने असतातही. पण तारखा लक्षात ठेवतो तोच मुलगा बाकाखाली जातो, आणि पुष्कळदा दोन्हींचं कारण एकच असतं. म्हणून एक रकाना वाढवायचा आणि दुसरा पुसायचा, असं करता येत नाही.

लक्ष देण्याच्या पद्धतीचंच उदाहरण घ्या. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ साली एक मांडणी केली. तिला मोनोट्रॉपिझम म्हणतात. आपल्यातल्या बहुतेकांचं लक्ष एकाच वेळी पाचसहा गोष्टींवर थोडं थोडं पसरलेलं असतं. ऑटिस्टिक माणसाचं लक्ष अरुंद पण प्रखर झोत टाकणाऱ्या टॉर्चसारखं असतं. ज्यावर झोत पडला, त्यातला बारीकसारीक तपशील दिसतो. बाहेरचं सगळं अंधारात. लिफ्टचं दार किती सेकंदांनी बंद होतं हे त्याला ठाऊक असतं ते यामुळेच, आणि तुम्ही चार हाका मारल्या तरी त्याला ऐकू येत नाही तेही यामुळेच. तो झोत एका गोष्टीवरून उचलून दुसरीवर न्यायला त्याला खरोखर कष्ट पडतात. त्याला हट्ट म्हटलं की आपण आवाज चढवतो. कष्ट आहेत हे ओळखलं की आपण आधी जवळ जाऊन बसतो, त्याच्या लिफ्टबद्दल एक वाक्य बोलतो, आणि मग पुढचं सांगतो. हा दुसरा मार्ग वेळखाऊ वाटतो, पण रोजच्या सकाळी त्यानेच वेळ वाचतो.

लिफ्टचा विषय बंद करायला माझा ठाम विरोध आहे, आणि त्यामागे जुना दाखला आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरचा जो पहिला गाजलेला शोधनिबंध लिहिला, त्यात ११ मुलं होती. त्यातला पहिला डोनाल्ड ट्रिप्लेट. लहानपणी तो काही काळ एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजमापाचा नाद होता. त्या दोघांनी तो मोडून काढला नाही. विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला सांगितलं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर म्हणाले, नांगरता नांगरता मोज. कॅनर यांनी १९७१ साली या मुलांचं पुढे काय झालं ते लिहिलं, त्यात हे नोंदवलं आहे. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने प्रवास केला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. घरची परिस्थिती उत्तम होती, गावानेही त्याला सांभाळून घेतलं. प्रत्येकाच्या वाट्याला हे येत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या शेतकऱ्याने जे केलं त्याला पैसा लागत नव्हता.

लिफ्टला मर्यादा घालायला हरकत नाही. केव्हा, कुठे आणि किती वेळ, हे ठरवून त्याला दिसेल असं लिहून ठेवा. ‘जेवणानंतर पंधरा मिनिटं लिफ्टची’ हे त्याला पाळता येतं. ‘सारखं तेच तेच नको’ हे पाळता येत नाही, कारण त्यात ‘सारखं’ म्हणजे किती ते सांगितलेलंच नसतं.

आता बूट. इथे थोडी थांबते, कारण अडचण कशी तपासायची ते यावरून नीट कळेल. ‘बूट घालताना रडतो’ या एका वाक्यात किमान चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. पायमोज्याची बोटांवर येणारी शिवण त्याला टोचत असेल. मोजा, बूट, टाच, पट्टा हा क्रम हाताला जमत नसेल. हातातलं काम अर्धवट सोडावं लागतंय याचा त्रास असेल. किंवा बूट म्हणजे शाळा आणि शाळा म्हणजे गोंगाट, असं त्याच्या मनात पक्कं झालं असेल. चारही वेळा दिसणारं रडणं एकच, उपाय मात्र चार.

मग ओळखायचं कसं? सुट्टीच्या दिवशी त्याच्या आवडीच्या ठिकाणी जाताना तेच मोजे, तेच बूट घालून बघा. रडला नाही, तर प्रश्न बुटाचा नाही, शाळेचा आहे. रडला, तर मोजा उलटा करून घाला, म्हणजे शिवण बाहेर येईल. फरक पडला तर उत्तर मिळालं. बिनशिवणीचे मोजे घ्या आणि विषय संपवा. बूट समोर यायच्या आधीच, म्हणजे ‘चल, आवर’ म्हटल्याबरोबर रडू येत असेल, तर त्रास काम तोडण्याचा आहे. तिथे दहा मिनिटं आणि पुन्हा तीन मिनिटं आधी सूचना द्या, आणि अर्धवट राहिलेलं काम परत आल्यावर तिथेच सापडेल याची खात्री द्या. ती वस्तू खरंच हलवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुमच्या शब्दावर तो विसंबणार नाही.

क्रम जमत नसेल तर शेवटापासून शिकवा. पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा, फक्त शेवटचा पट्टा त्याने चिकटवायचा. ते सवयीचं झालं की टाच आत ढकलणं आणि पट्टा. मग त्याआधीची पायरी. असं केलं की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरं होतं. आणि इथेच लिफ्ट कामाला आणा. चार पायऱ्यांचे चार मजले करा: तळमजल्यावर पायमोजा, पहिल्या मजल्यावर पाय बुटात, दुसऱ्यावर टाच, तिसऱ्यावर पट्टा. कागदावर बटणं काढा आणि प्रत्येक पायरीनंतर त्याला बटण दाबू द्या. जो विषय पूर्ण बंद करा असं तुम्हाला सांगितलं गेलं, तोच विषय मुलाला बूट घालायला शिकवू शकतो.

वर्गातल्या बाकाकडे वळू. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा त्रास हा ऑटिझमचाच भाग आहे, हे निदानाच्या डीएसएम या प्रमाण पुस्तिकेत निकष म्हणून २०१३च्या पाचव्या आवृत्तीत आलं. त्याआधी कितीतरी मुलांच्या या त्रासाला नाटक म्हटलं गेलं. आपले कान पंख्याचा आवाज, बाक सरकवल्याचा आवाज, मागच्या मुलांची कुजबुज मागे ढकलतात आणि शिक्षकांचं बोलणं पुढे आणतात. त्याच्या कानात हे सगळं एकाच उंचीने येत राहतं. अर्धा तास तो ते सोसतो, आणि मग स्वतःच इलाज शोधतो: कान झाकायचे, कोंडाळ्यातून बाहेर पडायचं. बाकाखाली जाणं ही शिस्तभंगाची गोष्ट नाही, स्वतःला सावरण्याची आहे. शाळेला हे याच शब्दांत सांगा.

आणि ‘साधारण अर्ध्या तासाने’ हे तुम्ही नोंदवलंत, ते फार मोलाचं आहे. वेळ ठरलेली आहे म्हणजे उपाय त्या वेळेआधी करता येतो. विसाव्या मिनिटाला त्याला वर्गाबाहेर पाठवा: पाणी पिऊन ये, वह्या पोचवून ये, काहीही. पाच मिनिटांत परत. आवाज कमी करणारे हेडफोन दप्तरात असू द्या आणि ते घालायला परवानगी मागावी लागू नये. भिंतीकडची, दारापासून लांबची जागा द्या. बाकाखाली गेल्यावर सुट्टी दिली तर ती गोंधळाची शिक्षा किंवा बक्षीस वाटते; आधी दिली तर तो दिवसाचा भाग होतो.

सावरण्याची संधी मिळाली नाही तर मेल्टडाउन होतो. बाहेरून तो थयथयाट वाटतो, पण थयथयाट करणारं मूल मधून मधून आपल्याकडे बघतं, हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मुलाचा स्वतःवर ताबाच राहिलेला नसतो. वस्तू देऊन तो थांबत नाही. त्या वेळी बोलणं कमी करा. समजावणं, प्रश्न, आणाभाका, सगळं थांबवा, कारण तुमचा आवाजही आता त्या भारात भर घालतो. दिवे मंद करा, माणसं कमी करा, त्याला लागणार नाही एवढं बघा. ओसरल्यावर तो थकलेला असतो. लगेच ‘असं का केलंस’ विचारू नका. काही मुलं शाळेत दिवसभर सगळं दाबून ठेवतात आणि घराच्या दारातच फुटतात. मग शाळा म्हणते, ‘आमच्याकडे तर छान असतो, घरी लाडावलाय.’ तसं नसतं. घर सुरक्षित वाटतं म्हणून तो तिथे मोकळा होतो. हे दाबणं, लोकांसारखं दिसण्याची रोजची कसरत, मोठेपणी माणसाला फार महाग पडते. ज्यांचं निदान तिशीचाळिशीत होतं अशा अनेक ऑटिस्टिक माणसांना, विशेषतः बायकांना, नैराश्य आणि चिंतेसाठी वर्षानुवर्षं उपचार झालेले असतात. मूळ कारण कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून हात हलवणं, झुलणं, गोल फिरणं बंद करू नका. त्याने तो शांत होतो. इजा होत असेल तरच पर्याय शोधायचा.

‘आज काय केलंस?’ हा प्रश्न त्याच्यासाठी फार मोकळा आहे. सहा तासांतलं नेमकं कुठलं सांगू? त्याऐवजी विचारा, ‘गणिताच्या तासाला तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?’ आणि मग मनात दहापर्यंत मोजा. आपण तीन सेकंदांत तोच प्रश्न नव्या शब्दांत विचारतो आणि त्याची आतली जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून बोट ठेवायला सांगितलंत तर आणखी सोपं. कार्टूनमधली वाक्यं निरर्थक समजू नका. वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट यांनी १९८०च्या दशकातच दाखवलं की असं पुनरुच्चारण मुलं बोलण्यातला वाटा उचलायला, काही मागायला, स्वतःला धीर द्यायला वापरतात. ते वाक्य मूळ कार्टूनमध्ये कोण कधी म्हणतं ते शोधा. पात्र पडल्यावर म्हणत असेल, तर बहुधा त्या दिवशी तो पडला आहे.

तुमचा मुलगा बोलतो. हे वाचणाऱ्या ज्या पालकांचं मूल बोलत नाही, त्यांच्यासाठी: चित्रांचे तक्ते किंवा टॅबलेटवरचं बोलणारं ॲप वापरलं तर मूल बोलायचं थांबेल, ही भीती सोडा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नीट नोंदलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. बोलता न येणं म्हणजे समजत नसणं, असंही नाही.

मुलांच्यात मिसळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शाळा लवकरच काढेल. ‘याला दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत’ असं सर्रास सांगितलं जातं. संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली म्हटलं की न कळणं दोन्हीकडून असतं. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०२० साली कॅथरीन क्रॉम्पटन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिला: एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत जायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या गटात ती तितकीच नीट पोचली, जितकी सगळे बिगरऑटिस्टिक असलेल्या गटात. गळती झाली ती मिश्र गटांत. तेव्हा शिकवायचं असेल तर वर्गाला पण शिकवा: स्पष्ट बोला, टोमण्यात बोलू नका, तो तुमच्याकडे न बघताही ऐकतो. डोळ्यांत बघून बोलायची सक्ती तर नकोच. पुष्कळ ऑटिस्टिक माणसं सांगतात की डोळ्यांत बघायचं किंवा ऐकायचं, दोन्हींतलं एकच जमतं.

हुशारीबद्दल थोडं जपून बोलते. ऑटिस्टिक मुलांचे गुण चाचणीगणिक बदलतात. मिशेल डॉसन, लॉरां मोत्रॉं आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या अभ्यासात याच मुलांना रेव्हनच्या आकृत्यांच्या चाचणीत वेक्सलर या नेहमीच्या बुद्धिमापन चाचणीपेक्षा सरासरी ३० पर्सेंटाइल अधिक मिळाले होते, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत जवळपास तीस जागा पुढे. तेव्हा एका आकड्यावर मुलाचं माप काढू नका, कमीही नाही आणि जास्तही नाही. तारखेवरून वार सांगणं हे पाहुण्यांपुढे करून दाखवायचं काम होऊ देऊ नका. ती त्याची आनंदाची जागा आहे. तिथे परीक्षा सुरू झाली की आनंद जातो. आणि अनेक ऑटिस्टिक मुलांकडे अशी थक्क करणारी कला नसते. ज्या आईला वीस वर्षांच्या मुलाला भरवावं लागतं, तिला ‘ऑटिझम ही दैवी देणगी’ असं सांगणं क्रूर आहे. तिच्या मुलाची ताकद म्हणजे ओळखीचा रस्ता कधी न विसरणं असेल, खोटं न बोलणं असेल, पाण्याशी तासभर रमणं असेल. आधार त्यावरही उभा करता येतो.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर, क्रमाने. सगळ्यात आधी शरीर. ऑटिस्टिक मुलांत झोपेचे आणि पोटाचे त्रास, तसंच अपस्मार (फिट्स येणं), इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात, आणि दुखतंय कुठे हे त्यांना स्वतःलाच नीट उमगत नाही. वागणं अचानक बिघडलं तर थेरपी वाढवण्याआधी दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासून घ्या. मग परिसर: आवाज, कपडे, दिवसाचा दिसणारा आराखडा. मग संवाद. त्यानंतर एका वेळी एकच कौशल्य, आत्ता बूट. आणि लिफ्ट या प्रत्येक टप्प्यावर बरोबर असेल. ऑटिझम ‘बरा’ करून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. शरीरातले धातू काढणारी औषधं आणि ब्लीचसारखी रसायनं यांनी मुलांना गंभीर इजा झालेल्या आहेत. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८चा लेख तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकानेच २०१० साली मागे घेतला. आणि १९५०-६०च्या दशकांत आईच्या थंडपणाला दोष देणारी जी कल्पना पसरली होती, ती कधीच मोडीत निघाली आहे. तुमच्या प्रश्नात दोनदा ‘माझं काही चुकलं का’ आलं आहे, म्हणून मुद्दाम सांगते: तुमच्या वागण्यामुळे हे झालेलं नाही.

धाकटीला खरं सांगा, तिच्या वयाच्या शब्दांत: ‘दादाला आवाज फार मोठे ऐकू येतात, म्हणून तो कान झाकतो. त्याला बोलायला वेळ लागतो, म्हणून आपण थांबतो. तू काही केलंस म्हणून तो रडत नाही.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. लहान मुलं दोष स्वतःकडे घेतात. तिला छोटी आई बनवू नका. आठवड्यातली एक वेळ फक्त तिची आणि तुमची ठेवा, आणि ती दादामुळे रद्द होऊ देऊ नका. एखाद दिवशी ती म्हणेल, ‘मला दादाचा राग येतो.’ तिला गप्प करू नका. विचारा, नेमका कशाचा. बहुतेक वेळा उत्तर अगदी ठोस असतं: त्याने माझं चित्र फाडलं, माझे रंग घेतले. मग तिच्या वस्तूंसाठी त्याचा हात पोचणार नाही असा एक कप्पा द्या, आणि त्याच्या आराखड्यात ‘हा कप्पा बहिणीचा’ असं चित्रासकट लिहा. नियम लिहिलेला असला की तुमचा मुलगा तो पाळेल, बहुधा घरातल्या इतर कुणाहीपेक्षा काटेकोरपणे.